नोटीस बोर्डावरची जात

शिष्यवृत्तीच्या अर्जांचा हंगाम आला की महाविद्यालयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फाइल फिरायला लागते. ‘खालील विद्यार्थ्यांनी कागदपत्रे तातडीने कार्यालयात जमा करावीत.’ फाइल उघडावी तर एक्सेलचा लांबलचक तक्ता: नाव, वर्ग, मोबाइल नंबर, प्रवर्ग, जात, वडिलांचे उत्पन्न, आधार क्रमांक, बँक खाते. आपल्यापैकी अनुसूचित जातीचं कोण, पारधी समाजाचं कोण, कुणाच्या घरी वर्षाला किती पैसे येतात, हे मिनिटभरात सगळ्या वर्गाला कळतं. फाइल पाठवणाऱ्या क्लार्कच्या मनात बहुधा वाईट काही नसतं. त्याला शेवटची तारीख गाठायची असते, वरून प्राचार्यांचा तगादा असतो आणि तक्त्यातले नको ते रकाने काढून पाठवायला हवेत, हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं.

विद्यापीठांमध्ये ‘सायबर सुरक्षा’ या विषयावर कार्यशाळा होतात. पासवर्ड कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, पेनड्राइव्ह स्कॅन करून घ्या, असं तिथं शिकवलं जातं. ते गरजेचंच आहे. पण आपल्या विद्यार्थ्याला आयुष्यभर चटका देऊ शकणारी माहिती एक्सेलच्या ‘प्रवर्ग’ नावाच्या साध्या रकान्यात असते आणि तिच्याबद्दल त्या कार्यशाळेत अवाक्षर निघत नाही. संगणकाच्या जबाबदार वापराची चर्चा जातीला वगळून केली, तर ती अर्धीच राहते.

आधी हे बघू, की ही माहिती विद्यापीठाकडे येते कशी. ती आपणच देतो, कारण दिल्याशिवाय हक्क मिळत नाही. आरक्षित जागेवर प्रवेश हवा, फ्रीशिप हवी, वसतिगृह हवं, तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, रहिवास, शाळा सोडल्याचा दाखला असा गठ्ठा जोडावा लागतो. जात पडताळणीसाठी तर वंशावळ, आजोबांच्या शाळेतल्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा, गावच्या महसुली नोंदी, सगळंच. खुल्या प्रवर्गातून, घरच्या पैशावर शिकणाऱ्या मुलाची फाइल याच्या शेजारी ठेवून बघा. गुणपत्रिका, आधार, फोटो, झालं. म्हणजे जो जितका वंचित, त्याची फाइल तितकी जाड. संस्थेकडे ज्याच्याबद्दल सर्वात जास्त माहिती आहे, त्याच्याच पाठीशी सर्वात कमी ताकद आहे. तक्ता फुटला की सगळ्यांची माहिती फुटते, पण सगळ्यांचं नुकसान सारखं होत नाही.

वर्गात जात जाहीर होणं हा भेदभावाचाच प्रकार आहे, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली लिहून ठेवलं. उच्च शिक्षण संस्थांमध्ये समता वाढवण्यासाठी आयोगाने त्या वर्षी जी नियमावली काढली, तिच्यात भेदभाव म्हणजे काय याची यादीच आहे. वर्गात विद्यार्थ्याची जात, जमात, धर्म वा प्रदेश तोंडी किंवा अन्य कुठल्याही प्रकारे जाहीर करणं, विद्यार्थ्यांवर ‘आरक्षित प्रवर्ग’ असं लेबल चिकटवणं, कमी गुणांचं खापर जातीवर फोडणारे शेरे मारणं, हे सारं त्या यादीत येतं. ‘तोंडी किंवा अन्य प्रकारे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्राध्यापकाने वर्गात उभं राहून ‘एस.सी.वाले हात वर करा’ म्हणणं आणि कार्यालयाने वर्गाच्या ग्रुपवर प्रवर्गनिहाय यादी टाकणं यांत परिणामाच्या दृष्टीने फरक एवढाच, की प्राध्यापकाचे शब्द हवेत विरतात आणि यादी शंभर फोनमध्ये साठून राहते.

जात कळायला ‘जात’ असा रकानाच लागतो असंही नाही. प्रवेश परीक्षेतला क्रमांक पुरतो. प्रवेश कुठल्या फेरीत झाला, शुल्क किती भरलं, हजेरीपटावर नावापुढे कुठली खूण आहे, आसन क्रमांक कुठल्या क्रमाने लावलेत, यातूनही ओळखणारे बरोबर ओळखतात. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ साली दिलेल्या अहवालात नवख्या विद्यार्थ्यांना त्यांचा क्रमांक आणि जात विचारली जाण्याचं, वसतिगृहात त्यांना वेगळं पाडलं जाण्याचं चित्र आहे. आयआयटी मुंबईत फेब्रुवारी २०२३ मध्ये दर्शन सोळंकी या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याच वर्षी त्या संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या. जेईई ॲडव्हान्स्डचा क्रमांक, गेटचे गुण किंवा जात उघड होईल अशी कुठलीही माहिती दुसऱ्या विद्यार्थ्याला विचारणं अयोग्य आहे, असं त्यांत स्पष्ट सांगितलं आहे. ‘तुझा रँक किती?’ हा प्रश्न म्हणजे ‘तू कुठल्या जातीचा?’ याचंच सभ्य रूप आहे, हे एका संस्थेला कागदावर कबूल करावं लागलं. पण विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला विचारू नये आणि कार्यालयाने मात्र तेच न विचारता सगळ्यांना सांगून टाकावं, हे कसं चालेल?

माहिती फुटल्यावर पुढे काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. तडवी भिल्ल समाजातून आलेल्या या डॉक्टरचा २२ मे २०१९ रोजी मृत्यू झाला. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून आणि आरक्षणातून मिळालेल्या प्रवेशावरून छळ केल्याचा आरोप कुटुंबाने केला आणि त्यावर खटला उभा राहिला. अशा छळाचं कारण एखादी यादी नसते, कारण जातीय मन असतं. पण त्या मनाच्या हातात नाव, प्रवर्ग आणि गुण यांचा तयार तक्ता देणं हे संस्थेचं काम नव्हे.

बडोद्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात त्यांना नोंदवहीत पारशी नाव लिहून राहावं लागलं. अकराव्या दिवशी ओळख फुटली, काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं गेलं. कार्यालयात शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबूनच टाकत. या प्रसंगाकडे आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून बघतो, ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. त्या माणसाचं डोक्यावरचं छप्पर नोंदवहीतल्या एका रकान्यावर टिकून होतं. शंभर वर्षांनी नोंदवहीची एक्सेल शीट झाली. भाड्याची खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याचा अनुभव आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको.

इथे चळवळीतूनच एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. ‘जात लपवायची कशाला? आम्ही काय गुन्हा केलाय? आम्ही जय भीम छातीठोकपणे म्हणतो.’ बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचं शीर्षकच ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असं आहे. जात चोरावी लागणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि लाज ती चोरायला लावणाऱ्या समाजाला वाटली पाहिजे, हे आपल्या साहित्याने कधीच सांगून ठेवलंय. मग गोपनीयतेची मागणी म्हणजे पुन्हा जात चोरणंच नाही का?

नाही. मी माझी जात सांगणं आणि दुसऱ्याने ती जाहीर करणं, यांत कर्ता बदलतो. मी सांगतो तेव्हा कुणाला, कधी, कुठल्या सुरात सांगायचं हे माझ्या हातात असतं. त्यात अभिमान असू शकतो, राजकारण असू शकतं, मैत्री असू शकते. कार्यालय जाहीर करतं तेव्हा मी तक्त्यातली एक ओळ होतो. वर्गात पहिल्या आठवड्यात गप्प राहून अंदाज घेणारी मुलगी घाबरट नसते. आपल्या आईबापांनी शिकवलेलं शहाणपण ती वापरत असते. ती दुसऱ्या वर्षी आंबेडकर जयंतीच्या मंचावर बोलायला उभी राहील, तर तो तिचा निर्णय. पहिल्याच आठवड्यात तिचा तो निर्णय ग्रुपवरच्या फाइलने घेऊन टाकू नये, एवढंच मागणं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं आणि त्याचा पाया कलम २१ मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात दाखवला. आपली ओळख कुणापुढे किती उघडायची, हे ठरवण्याची मुभा त्या हक्कातच येते.

कायदा मात्र या बाबतीत आपल्याशी अडखळतच वागला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ साली जे नियम आले, त्यांत ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ची व्याख्या होती. पासवर्ड, बँक तपशील, आरोग्य, लैंगिक कल, बायोमेट्रिक, हे सगळं त्यात होतं, जात नव्हती. या देशात माणसाला सर्वात जास्त महागात पडणारी माहिती संवेदनशील मानलीच गेली नाही. २०१८ चा श्रीकृष्ण समितीचा मसुदा आणि २०१९ चं विधेयक यांनी ‘जात किंवा जमात’ हे शब्द त्या यादीत घातले. ते विधेयक पुढे मागे घेतलं गेलं. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, तेव्हा ‘संवेदनशील’ हा वर्गच गायब झाला. आता या कायद्याच्या लेखी तुमचा ईमेल पत्ता आणि तुमची जात एकाच तागडीत आहेत.

तरी या कायद्यात धरून ठेवण्यासारखं बरंच आहे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्यासाठीच वापरावी, ती सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी उपाय करावेत, माहिती फुटली तर संबंधित मंडळाला आणि ज्याची फुटली त्या प्रत्येक व्यक्तीला कळवावं, ही बंधनं त्यात आहेत. सुरक्षेत कसूर केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संस्थांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. उणिवाही लक्षात ठेवा. सरकारी लाभ, शिष्यवृत्ती, दाखले यांसाठी राज्यसंस्था वेगळ्या संमतीशिवाय माहिती वापरू शकते. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जाते. ज्याची माहिती फुटली त्याच्या हातात त्यातला रुपयाही पडत नाही. आधार क्रमांकाबाबत मात्र २०१६ चा आधार कायदा कडक आहे. तो जाहीरपणे प्रसिद्ध करायला कलम २९ने मनाई केली आहे. तरीही एप्रिल २०१७ मध्ये झारखंडच्या एका सरकारी संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते. कायदा होता, पण संगणकापुढे बसणाऱ्या माणसापर्यंत तो पोचलेला नव्हता.

म्हणून आता त्या संगणकाकडेच वळू. कुठल्याही महाविद्यालयाचा शिष्यवृत्ती विभाग आठवा. महाडीबीटीचं किंवा राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलचं लॉगिन प्राचार्यांच्या नावाचं असतं, पण वापरतो क्लार्क. क्लार्कला वेळ नसला की कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर वापरतो. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो किंवा डायरीच्या पहिल्या पानावर. स्क्रीनचं तोंड खिडकीकडे, म्हणजे रांगेत उभा असलेला कुणीही वाचू शकतो. सर्व्हर रात्रीच चालतो म्हणून काम घरी नेलं जातं आणि तिथं ते क्लार्कच्या स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या जीमेलवर होतं. घाई असली की विद्यार्थ्याला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवतात. तिथल्या संगणकाच्या डेस्कटॉपवर गेल्या तीन वर्षांतल्या मुलांचे जातीचे दाखले आणि पासबुकं पडून असतात.

हा केवळ अव्यवस्थितपणा नाही, यातूनच चोरी होते. २०२० साली झारखंडमधला अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा घोटाळा बाहेर आला. दलाल, बँकेचे प्रतिनिधी आणि शाळांमधले काही लोक यांनी मुलांची कागदपत्रं, आधार आणि शाळांचे लॉगिन वापरून पैसे उचलल्याचं समोर आलं. २०२३ मध्ये केंद्राच्या तपासणीत १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बोगस किंवा निष्क्रिय आढळल्या, १४४ कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराचा अंदाज काढला गेला आणि प्रकरण सीबीआयकडे गेलं. हिमाचल प्रदेशात २०१३ ते २०१७ या काळातल्या अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीतही खासगी संस्थांनी मुलांची कागदपत्रं वापरून रक्कम लाटल्याच्या आरोपांची चौकशी सीबीआयने केली. या तिन्ही ठिकाणी पैसे ज्यांचे गेले ती मुलं कुठल्या घरातली होती, ते सांगायला नको. आपल्या माहितीची गोपनीयता हा सुखवस्तू लोकांचा छंद आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या मुलांच्या मेसचं बिल कोण भरतं ते बघावं.

यात एक अन्याय आणखी होतो. माहिती फुटली की कारवाई कुणावर? बहुतेक वेळा कंत्राटी ऑपरेटरवर. ज्याच्या नावाचं लॉगिन होतं ते प्राचार्य नामानिराळे राहतात. तो ऑपरेटर अनेकदा आपल्यातलाच असतो. पहिल्या पिढीचा पदवीधर, एम.एस.सी.आय.टी. केलेला, अकरा महिन्यांच्या करारावर तुटपुंज्या मानधनात काम करणारा. प्रशिक्षण नाही, लेखी आदेश नाही, स्वतःचं लॉगिन नाही. त्याला ‘नाही’ म्हणण्याचं बळ द्यायचं असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन मिळालं पाहिजे, कुणी काय उघडलं याची नोंद राहिली पाहिजे आणि तोंडी हुकमावर यादी पाठवण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. साहेबांचा ओटीपी साहेबांनीच टाकावा. ज्याची सही, त्याची जबाबदारी.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती पाहिली नाही, तर गोपनीयतेच्या नावाखाली आपलाच घात होईल. गेली कित्येक वर्षं आपली चळवळ विद्यापीठांकडे माहिती मागते आहे. बिंदुनामावली दाखवा, अनुशेष किती ते सांगा, मुलाखतीत कुठल्या प्रवर्गाला किती गुण दिले ते दाखवा, ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारून किती आरक्षित जागा रिकाम्या ठेवल्या ते जाहीर करा. ही माहिती संस्था सहजासहजी देत नाहीत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी असं होतं, की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती नाकारता येईल, पण व्यापक जनहित असेल तर द्यावी लागेल. २०२३ च्या डेटा कायद्याने ते कलमच आखूड केलं. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं कारण पुरतं. म्हणजे जे कार्यालय विद्यार्थ्याची जात ग्रुपवर टाकताना मागेपुढे पाहत नाही, तेच उद्या बिंदुनामावली मागितली की ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असं उत्तर टाइप करून देईल. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, हे सांगणारं कलम ८(२) अजून शाबूत आहे. अर्ज करताना त्याचा उल्लेख आवर्जून करा.

म्हणून आपली भूमिका एका वाक्यात ठरवून घेऊ: माणसाची माहिती झाका, संस्थेची माहिती उघडा. अमुक मुलगी कुठल्या जातीची, हे वर्गाला कळण्याचं कारण नाही. पण त्या विभागात गेल्या दहा वर्षांत अनुसूचित जमातीचे किती विद्यार्थी पीएच.डी.ला आले, किती मधेच सोडून गेले, किती जणांची फेलोशिप थकली, मार्गदर्शक मिळायला किती महिने लागले, हे आकडे दर वर्षी संकेतस्थळावर लागले पाहिजेत. नोकरभरतीत तर याहून पुढे जावं लागेल, कारण सार्वजनिक पदावरच्या निवडीचा हिशेब जनतेला द्यावाच लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सार्वजनिक भरतीत निवड झालेल्या उमेदवारांचे गुण माहिती अधिकारात मागणाऱ्या अर्जदाराच्या बाजूने निकाल दिला, तो याच कारणासाठी.

दोन्ही एकाच वेळी साधतं का? साधतं. जुलै २०२४ मध्ये नीट परीक्षेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा यंत्रणेला शहरनिहाय आणि केंद्रनिहाय निकाल जाहीर करायला लावले, पण विद्यार्थ्यांची ओळख झाकून. देशभरातल्या अभ्यासकांनी त्या आकड्यांतून कुठल्या केंद्रावर काय घडलं याची चिरफाड केली आणि कुणा मुलाचं नाव चव्हाट्यावर आलं नाही. लाखो विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे काही दिवसांत जमू शकतं, तर साठ मुलांच्या वर्गात का जमू नये?

कार्यालयात काम करणाऱ्यांनी उद्यापासून करायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. यादी लावायची तर अर्ज क्रमांकाने लावा. नाव, जात, उत्पन्न, आधार, खाते यांतलं काहीही नको. ज्याची कागदपत्रं अपुरी आहेत त्याला स्वतंत्र मेसेज किंवा फोन करा. एक्सेलमध्ये रकाना ‘हाइड’ केला म्हणजे तो गेला असं समजू नका. पुढचा माणूस दोन क्लिकमध्ये तो उघडतो. पाठवायच्या फाइलची वेगळी प्रत काढा आणि नको ते रकाने कायमचे काढून टाका. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तरी खालची अक्षरं अनेकदा निवडून कॉपी करता येतात, हे तपासून मगच फाइल टाका. गूगल फॉर्म बनवताना भरणाऱ्यांना एकमेकांची उत्तरं दिसत नाहीत ना, शीट ‘लिंक असलेल्या कुणालाही’ उघडी नाही ना, ते बघा. शंभर जणांना ईमेल करताना पत्ते बीसीसीमध्ये घाला. हजेरीपटावर, आसन क्रमांकावर, ओळखपत्रावर प्रवर्गाची खूण नको. जुन्या याद्या संकेतस्थळावर पडून असतात आणि शोधयंत्रात नाव टाकलं की वर येतात. काम संपलं की त्या उतरवा. आणि माहिती फुटलीच, तर दडपू नका. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांनीही अशी घटना सहा तासांत कळवायची आहे.

संस्थाप्रमुखांसाठी प्रश्न एकच: तुमच्याकडे कुठल्या विद्यार्थ्याची जात कोण कोण बघू शकतं, याची यादी आहे का? नसेल, तर गोपनीयता धोरणाचं चकचकीत परिपत्रक काढून उपयोग नाही. शिष्यवृत्ती पाहणाऱ्याला प्रवर्ग लागतो, ग्रंथालयाला लागत नाही. प्रबंध तपासणाऱ्याला तर मुळीच लागत नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमची माहिती अशी जाहीर झाली तर ‘जाऊ दे’ म्हणू नका. स्क्रीनशॉट घ्या, तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक दिसू द्या. यादी उतरवण्याची मागणी लेखी करा आणि पोच घ्या. २०१२ च्या नियमावलीने प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं आहे. तक्रार त्यांच्याकडे आणि अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे, दोन्हीकडे द्या. शक्यतो एकट्याने जाऊ नका, पाच जण मिळून जा. तक्रारीत त्या क्लार्कला नोकरीवरून काढण्याची मागणी करण्यापेक्षा पद्धत बदलण्याची मागणी करा. माणूस बदलला आणि तक्ता तोच राहिला, तर पुढच्या वर्षी तुमच्या धाकट्या बहिणीचं नाव त्यात असेल.

आपल्यापैकी बरेच जण येत्या काळात या टेबलांच्या पलीकडे बसणार आहेत. कुणी सहायक प्राध्यापक होईल, कुणी कनिष्ठ लिपिक, कुणी परीक्षा विभागात, कुणी कुलसचिवांच्या कार्यालयात. घरातला पहिला माणूस त्या खुर्चीत बसेल तेव्हा खिडकीसमोर जाड फाइल घेऊन उभी असलेली मुलगी आपल्याच घरातली असेल. तिचा दाखला तपासा, अर्ज मंजूर करा, फाइल कपाटात ठेवा आणि कपाटाला कुलूप लावा.

जय भीम.